अल्कलाइन फॉस्फटेजचा आकडा वाचताना या चुका टाळा

दापोली-गुहागरकडच्या एखाद्या गावात लहान मुलाचे पाय वाकलेले दिसले, की त्याचे रक्त तालुक्याला किंवा रत्नागिरीला तपासणीसाठी जाते आणि अहवाल आला, की घरच्यांची नजर कॅल्शियमच्या आकड्यावर खिळते. पहिली चूक येथेच होते. हाडाचा टणकपणा कॅल्शियम आणि फॉस्फेट या दोघांच्या स्फटिकांमुळे येतो आणि हे स्फटिक बनू न देणारा पायरोफॉस्फेट नावाचा रेणू शरीरात सतत हजर असतो. हाड घडवणाऱ्या पेशींवरील अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर तो रेणू तोडते. त्यामुळे अडसर दूर होतो आणि फॉस्फेटही मोकळे होते. फॉस्फटेजचा हाडाशी असलेला संबंध रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ मध्येच मांडला होता.

मुलाचा आकडा प्रौढांच्या मर्यादेशी ताडून घाबरणे ही दुसरी चूक. वाढत्या वयात तो प्रौढांच्या दोन-तीन पट असू शकतो, गरोदरपणात वारेमुळे वाढतो आणि यकृताच्या विकारातही चढतो. यकृताची शंका असल्यास जीजीटी ही यकृताच्या विकराची तपासणी उपयोगी पडते.

माझ्या मते सर्वांत महागात पडते ती कमी आकड्याकडे केलेली डोळेझाक, कारण अहवालात वाढलेलेच शोधण्याची आपल्याला सवय असते. दुधाचा दात पाच वर्षांच्या आत मुळासकट पडला आणि फॉस्फटेज वयाच्या मानाने कमी असले, तर १९४८ मध्ये कॅनडात प्रथम वर्णिलेल्या हायपोफॉस्फटेशिया या आनुवंशिक विकाराचा विचार व्हायलाच हवा. यात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचा सरसकट मारा केल्यास रक्तातील कॅल्शियम धोकादायक वाढू शकते. हाडांच्या ठिसूळपणावर दिल्या जाणाऱ्या बिसफॉस्फोनेट गोळ्याही टाळतात, कारण त्यांची रचना पायरोफॉस्फेटसारखीच असते.

मात्र कमी आकड्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी रक्त कोणत्या नळीत घेतले होते ते विचारावे. या विकराला जस्त आणि मॅग्नेशियम लागते. जांभळ्या टोपणाच्या नळीतील ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे पोटॅशियमयुक्त रसायन ते आणि कॅल्शियमही पकडून ठेवते, म्हणून त्या नळीतील रक्त चुकून मिसळले तर फॉस्फटेज आणि कॅल्शियम दोन्ही खाली येतात आणि पोटॅशियम मात्र चढते. ही तिन्ही चिन्हे एकत्र दिसली, तर औषध नव्हे, नवा नमुना हवा. फॉस्फेटचे नेमके उलटे होते: सीरम वेगळे न करता रक्त घाटरस्त्याने तासन्‌तास उन्हात गेले, तर तांबड्या पेशींतील फॉस्फेट बाहेर झिरपते आणि खरोखर कमी असलेला आकडा सामान्य दिसतो.

नाचणीविषयीही एक गैरसमज आहे. तिच्यात कॅल्शियम भरपूर असले, तरी धान्यातील फायटेट हे संयुग त्याला धरून ठेवते. नाचणी भिजवून मोड आणले, की तिच्यातीलच फायटेज हे विकर फायटेट फोडू लागते, म्हणून बाळासाठी मोडांच्या नाचणीचे सत्त्व अधिक चांगले.

शेवटची चूक म्हणजे ड जीवनसत्त्वाने गुण येत नसताना त्याचीच इंजेक्शने पुन्हा देणे. पीएचईएक्स या जनुकात बिघाड असेल, तर एफजीएफ-२३ हे संप्रेरक वाढते, मूत्रपिंड फॉस्फेट बाहेर टाकत राहते आणि ड जीवनसत्त्व क्रियाशील करणारे तेथील विकरही मंदावते. अशा मुलाच्या रक्तातील फॉस्फेटबरोबर लघवीतील फॉस्फेट आणि क्रिएटिनिनही त्याच दिवशी तपासून घ्यावे.