सी-६०चं मॉडेल मिटत नाही? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी हमखास ऐकू येतं, "सर, शेवटची बाजू जुळतच नाहीये!" सी-६० म्हणजे साठ कार्बन अणूंचा, फुटबॉलसारखा पोकळ रेणू; त्याचं मॉडेल कागदी पंचकोन आणि षट्कोन जोडून करतात. दोष बहुतेक वेळा गोंदाचा नसतो, पंचकोनांचा असतो.

पहिली चूक म्हणजे नुसते षट्कोन चिकटवत सुटणं. षट्कोनाचा कोन १२० अंशांचा. एका बिंदूपाशी तीन आले की ३६० भरले, कागद सपाट! हा झाला ग्रॅफाइटचा थर. पण लाजू नका. १९८५ साली राइस विद्यापीठाचे रिचर्ड स्मॉली रात्री कागदी षट्कोन जोडत बसले होते, तेव्हा त्यांचाही गोळा होईना. मध्यरात्र उलटल्यावर त्यांनी पंचकोन घेतले आणि जमलं. पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा, म्हणजे बिंदूपाशी १२ अंश कमी पडतात आणि कागद वळतो. पिंजरा पूर्ण मिटायला अशी एकूण ७२० अंशांची तूट लागते. एक पंचकोन ६० अंश देतो, म्हणून पंचकोन नेमके १२. सी-७०मध्येही १२च, तिथे षट्कोन तेवढे २०चे २५ होतात.

दुसरी चूक फसवी आहे. १२ पंचकोन, २० षट्कोन, संख्या बरोबर, तरी गोळा कुठे चपटा, कुठे टोकदार. कुठेतरी दोन पंचकोन शेजारी बसलेत. हेच ३२ तुकडे १८१२ प्रकारे मिटवता येतात, पण पंचकोन एकमेकांना न शिवणारा प्रकार एकच, आपला सी-६०. कुठल्याही कोपऱ्यावर बोट ठेवा: एक पंचकोन, दोन षट्कोन सापडलेच पाहिजेत.

स्ट्रॉ वापरत असाल तर १८० आणू नका. प्रत्येक बाजू दोघांत सामायिक असते, ९० पुरतात.

त्यांतल्या ३० लाल घ्या, दुहेरी बंधांसाठी. त्या फक्त षट्कोन-षट्कोन सांध्यावर लावायच्या, पंचकोनाच्या कडेला कधीच नाही. दुहेरी बंध किंचित आखूड असतो (१.४० अँगस्ट्रॉम, एकेरी १.४५), पण मॉडेलमध्ये तो फरक दाखवायच्या भानगडीत पडू नका.

आणि चार्टवर "बेन्झीनचा मोठा भाऊ" लिहू नका. बेन्झीनसारखं (सहा कार्बनचं कडं, प्रत्येकावर एक हायड्रोजन) हायड्रोजन काढून दुसरं काही बसवायला इथे हायड्रोजनच नाही. सी-६० वागतो अल्कीनसारखा, म्हणजे दुहेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनसारखा: दुहेरी बंध उघडून नवे अणू जोडून घेतो. लिहायचंच असेल तर हे लिहा: हिरा आणि ग्रॅफाइट टोल्युइन या द्रावकात विरघळत नाहीत, हा विरघळतो, आणि द्रावण सुरेख जांभळं दिसतं.