समाजशास्त्राच्या वर्गात येताना

माझं बी.ए. अर्थशास्त्राचं. एम.ए.ला समाजशास्त्र घेतलं तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, ‘याचं पुढे काय?’ तो तुमच्याही घरी विचारला जाईल. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर एम.ए.नंतर नेट किंवा सेट ही अध्यापनाची पात्रता परीक्षा द्या. पाहणी करणाऱ्या संस्था, आरोग्य आणि पुनर्वसनाचे प्रकल्प इथेही आपल्या विषयाची माणसं लागतात. एवढं उत्तर घरच्यांना पुरतं. विषयात टिकून राहायला मात्र आपला स्वतःचा प्रश्न लागतो.

माझा प्रश्न कोयनेचा. धरणाच्या पाण्याखाली गावं गेली आणि माणसं रायगड, ठाणे, सोलापूरकडे विखुरली. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांची या विस्थापितांची पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. इरावतीबाई मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या विद्यार्थिनी, पुढे डेक्कन कॉलेजात प्राध्यापक. भारतभरच्या नातेव्यवस्थांवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ चा. नात्यांचा इतका बारीक अभ्यास केलेल्या बाईंनी विस्थापितांकडे वळावं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गेलेली जमीन सात-बारावर दिसते. पेरणीला हाक मारली की धावून येणारी भावकी तुटली, मुली कुठे द्यायच्या हेच कळेनासं झालं, हे कुठल्या दप्तरात लिहिलेलं असतं? मी तेच शोधत आलो आहे.

त्यामुळे माझ्या वर्गात मार्क्स, वेबर, दुर्खीम हे आपल्या विषयाचा पाया घालणारे विचारवंत थोडे उशिरा येतात. आधी प्रत्येकाने आपल्या घराचा तीन पिढ्यांचा नातेतक्ता काढायचा: कोण कुठून लग्न होऊन आलं, जमीन कुणाच्या नावावर आहे, कामासाठी गाव कुणी सोडलं. मग दोन तक्ते फळ्यावर शेजारी शेजारी मांडतो. एकाच्या घरी मामाची मुलगी करणं अगदी रीतीचं, दुसऱ्याकडे उत्तर भारतातून आलेल्या कुटुंबात ती सख्ख्या बहिणीसारखी. दोघांनाही आपलंच नैसर्गिक वाटत असतं. त्या क्षणी वर्गात जे प्रश्न उसळतात, त्यांच्यासाठी मला शिकवायला आवडतं. त्यानंतर दुर्खीम वाचला की सामाजिक तथ्य म्हणजे काय, म्हणजे आपल्या बाहेर असूनही आपल्याला बांधून ठेवणाऱ्या समाजाच्या रीती, हे पाठ करावं लागत नाही. मात्र ज्याला घरचं सांगायचं नसेल त्याने शेजारच्या घराचा तक्ता आणावा, तोही विचारून. तक्त्यातून जातही उघड होते; तो प्रश्न सगळ्यांना सारखाच सोपा नसतो, आणि शिक्षकाने ते विसरता कामा नये.

क्षेत्रकार्याला जाताना प्रश्नावली पिशवीत राहू द्या. पाणी कुठून येतं, इथपासून बोलायला लागा. ओसरीवर बहुतेक वेळा पुरुषच उत्तर देतात. बायकांशी बोलायचं तर त्यांच्या सवडीने, पुन्हा वेगळं जावं लागतं. आणि टिपणं त्याच रात्री उतरवा. दुसऱ्या दिवशी लिहायला बसलात की माणसाचे शब्द जातात आणि तुमचेच उरतात.