स्वस्त इम्पोर्टेड टॅटू मशीन घेताय? आधी या चुका टाळा

स्वस्त इम्पोर्टेड मशीन घ्यावं का, असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: मशीन घ्या, किट घेऊ नका. खोलून, पुसून, नीट बसवून घ्यायची तयारी असेल तर सुटं स्वस्त मशीन शिकायला चालतं. पण मशीन, सुया, शाई, पॉवर सप्लाय, पेडल असं सगळं एकाच डब्यात भरून येतं, तेव्हा त्यातल्या निम्म्या वस्तू माणसाच्या कातडीजवळ नेण्याच्या लायकीच्या नसतात.

मशीन स्वस्तात बनतं कारण त्याची रचनाच साधी आहे. विजेवर चालणाऱ्या टॅटू मशीनचं पेटंट न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायली यांना १८९१ मध्ये मिळालं आणि ते एडिसनच्या इलेक्ट्रिक पेनवर बेतलेलं होतं. नंतर आलेलं कॉइल मशीन तर थेट जुन्या विजेच्या घंटेसारखं चालतं. करंट आला की कॉइल (तारेचं वेटोळं) आर्मेचर बारला, म्हणजे सुई हलवणाऱ्या लोखंडी पट्टीला, खाली खेचते, पुढची स्प्रिंग कॉन्टॅक्ट स्क्रूपासून (करंट पोहोचवणाऱ्या स्क्रूपासून) सुटते, करंट तुटतो, मागची स्प्रिंग बारला परत वर आणते, की पुन्हा करंट. सेकंदाला शंभरच्या आसपास वेळा हेच घडत राहतं. याला महागडे भाग लागत नाहीत, लागतो तो बसवणाऱ्याचा हात आणि त्याचा वेळ. स्वस्त मशीनमध्ये काटकसर नेमकी तिथे झालेली असते.

किटमधल्या सुया आणि शाई वापरणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी हीच.

सुई डोळ्यांना चकचकीत दिसते, त्यावर जाऊ नका. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि प्रत्येक बॉक्समधली एक सुई तपासणीसाठी बाजूला काढा. ती उजेडात फिरवत टोक बघा. चांगल्या सुईचं टोक सगळीकडून सारखं निमुळतं होत जातं. वाईट सुईच्या टोकाला बारीक आकडा असतो, किंवा एकत्र जोडलेल्या पाच सुयांतली एक बाकीच्यांच्या पुढे आलेली असते. मग ती सुई कापसावरून अलगद ओढा. तंतू अडकून ओढले गेले तर तो आकडा कातडीतही तसाच अडकणार आहे. असा बॉक्स अख्खा टाकून द्या. तपासलेली सुई पुन्हा कोणावर वापरायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

पाकिटावरही नजर टाका. इथिलीन ऑक्साइड वायूनं निर्जंतुक केलेल्या सुयांच्या पाकिटावर रंग बदलणारा ठिपका, लॉट नंबर आणि मुदतीची तारीख असते. यातलं काहीही नसेल, किंवा कागद आणि प्लॅस्टिकची चिकटलेली कड कुठे उघडी असेल, तर 'स्टराइल' या छापील शब्दाला काही अर्थ उरत नाही.

शाईचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण ती आयुष्यभर अंगात राहते. २०११ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये १९ जणांच्या टॅटूवर पुरळ उठलं आणि हटेना. तपासात मायकोबॅक्टेरियम चेलोनी नावाचा जंतू सापडला. सगळ्यांना जोडणारा धागा एकच निघाला: आधीच पातळ करून बाटलीत भरलेली राखाडी शाई. आर्टिस्टनं ग्लोव्हज घातले, टेबल पुसलं, सगळं नियमानं केलं तरी बाटलीतच जंतू असेल तर इलाज नाही. युरोपीय संघानं ४ जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा आणल्या, त्या उगाच नाही. किटमधल्या बारक्या बाटल्यांवर बहुतेक वेळा ना घटक लिहिलेले असतात ना बनवणाऱ्याचा पत्ता. त्या प्रॅक्टिस स्किनवर (सरावाच्या कृत्रिम कातडीवर) संपवा आणि माणसासाठी घटक, लॉट नंबर, मुदत छापलेली शाई वेगळी घ्या. हात आखडता घ्यायचाच असेल तर मशीनवर घ्या, इथे नको.

डब्यातून काढून थेट चालवणं

माझं पहिलं कॉइल मशीन असंच स्वस्तातलं होतं. प्रॅक्टिस स्किनवर रेघ ओढली की ती तुटक यायची, मधेच जाड, मधेच गायब. दोन महिने मी हाताला दोष देत राहिलो, रोज शेकडो रेघा मारल्या. शेवटी एका जुन्या आर्टिस्टनं मशीन हातात घेतलं, डोळ्यासमोर आडवं धरलं आणि म्हणाले, "अरे, नळी बघ की कुठे चाललीय." ट्यूब धरणारं छिद्र आर्मेचर बारच्या रेषेत नव्हतं, जेमतेम मिलिमीटरभर बाजूला होतं. सुईची दांडी प्रत्येक ठोक्याला नळीच्या भिंतीला घासत होती. ते दोन महिने मला परत मिळाले नाहीत, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहितोय.

प्लग काढलेला असताना एवढं बघा. मशीन समोरून धरा: आर्मेचर बारचं टोक, सुईची दांडी आणि नळी एका रेषेत हवी. बार बोटानं खाली दाबा. तो पुढच्या कॉइलच्या गाभ्यावर सपाट टेकला पाहिजे आणि मागच्या गाभ्यापाशी कागदाच्या जाडीएवढी फट राहिली पाहिजे. तसाच दाबून धरून पुढची स्प्रिंग आणि कॉन्टॅक्ट स्क्रू यांच्यातली फट मोजा. लायनरला (रेघा मारायच्या मशीनला) ती दीड मिलिमीटरच्या आत-बाहेर असते, शेडरला (छटा भरायच्या मशीनला) दोनच्या जवळ. डब्यावर 'लायनर' लिहिलंय म्हणून ते लायनर होत नाही. मी असे जोड पाहिलेत ज्यात दोन्ही मशीन हुबेहूब एकसारखी होती, फरक फक्त स्टिकरचा.

फ्रेमला लोहचुंबक लावून बघा. कॉइलचं चुंबकीय क्षेत्र लोखंडातून वाट पूर्ण करतं. फ्रेम पितळ, ॲल्युमिनियम किंवा जस्ताच्या मिश्रधातूची असेल तर कॉइलखाली लोखंडी पट्टी असायलाच हवी. चुंबक कुठेच चिकटत नसेल तर मशीन आवाज भरपूर करेल आणि ठोका मात्र अशक्त देईल. यावर काही दुरुस्ती नाही, परत पाठवा.

ठिणगीकडे कानाडोळा

अंधाऱ्या खोलीत मशीन चालू करून कॉन्टॅक्ट स्क्रूच्या टोकाकडे बघा. बारीक निळसर ठिणगी ठीक आहे. मोठी, पिवळी, तडतडणारी ठिणगी दिसली तर बहुधा कपॅसिटर (ठिणगी दाबणारा भाग) निकामी आहे किंवा त्याचा डाख सुटलाय. असंच चालवत राहिलात तर स्क्रू आणि स्प्रिंगवर खड्डे पडतात आणि चाल अडखळते. कपॅसिटर अगदी स्वस्तात बदलता येतो, फक्त इलेक्ट्रोलायटिक असेल तर अधिक-उणे बाजू सांभाळा. उलटा लावला तर फुगतो, फुटतोही.

पॉवर सप्लाय दाखवेल तेच खरं मानणं

मशीन अडखळतं तेव्हा अनेकदा गुन्हेगार बाजूला शांत बसलेला असतो. मल्टिमीटर लावा. स्क्रीनवर ८ व्होल्ट, मशीन बंद असताना मीटरवरही ८, पण पेडल दाबून सुई प्रॅक्टिस स्किनवर टेकवली की आकडा साडेसहावर घसरतो. स्वस्त सप्लायचं हे नेहमीचं दुखणं. आकडा स्थिर असेल तर पेडल आणि वायर हलवून बघा. पेडलच्या आतली पत्र्याची पट्टी आणि क्लिप कॉर्डचं (मशीनला जोडायच्या वायरचं) टोक, हे दोन सांधे सगळ्यात आधी ढिले होतात.

आणि मशीनला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा. म्हणजे ॲडाप्टर आतून करंट गळवतोय. त्याला टेप गुंडाळून चालवायचं नाही, तो बाद करायचा. ओल्या ग्लोव्हजमधला हात आणि समोरच्याची उघडी कातडी, दोन्ही त्याच वाटेवर असतात.

रोटरी पेन म्हणजे कटकट नाही, हा समज

नवशिक्यानं आज काही स्वस्तात घ्यायचंच असेल तर मी कॉइलपेक्षा रोटरी पेन (मोटरवर चालणारं, पेनासारखं मशीन) सुचवेन, कारण त्यात बिघडण्यासारखे सांधे कमी. तरी तीन गोष्टी बघून घ्या. कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या, बदलता येणाऱ्या नळीच्या) सुईची पुढे-मागे होणारी चाल, म्हणजे स्ट्रोक, व्हर्नियरनं मोजा. जाहिरातीत ४ मिलिमीटर स्ट्रोक लिहिलेला असतो आणि हातात तीनच पडतो. मग पेन अर्धा तास चालवा. मोटरजवळ धरवत नाही इतकं गरम झालं तर मोठं काम त्यानं होणार नाही. शेवटी, कॅमचा (मोटरचं फिरणं सुईच्या चालीत बदलणाऱ्या भागाचा) बारीक स्क्रू थरथरीनं ढिला होतो आणि चालू कामात सुई एकदम आखूड चालू लागते. त्याला मध्यम ताकदीच्या थ्रेड लॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब पुरतो.

कार्ट्रिजची परीक्षा मात्र मोटरपेक्षा महत्त्वाची. एक कार्ट्रिज रंगीत पाण्यात बुडवून पाच मिनिटं चालवा, मग काढून मागची बाजू पांढऱ्या टिश्यूवर टेका. डाग उमटला तर आतला पडदा नाही किंवा फाटका आहे. म्हणजे खऱ्या कामात रक्तमिश्रित शाई पेनच्या आत जाणार, आणि पेनचा आतला भाग ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालता येत नाही. पुढच्या माणसासाठी नवी कार्ट्रिज लावली तरी मागचं आत तसंच राहतं. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो, एवढं ध्यानात असलं की या टिश्यूच्या डागाची किंमत कळते.

स्टीलची ग्रिप (हातात धरायचा भाग) आणि नळ्या उकळून काम भागत नाही. पाकिटात गुंडाळून १२१ अंश सेल्सिअसला, दाबाखाली ३० मिनिटं, हा साध्या ऑटोक्लेव्हचा हिशेब आहे. स्वस्त नळ्यांवरचा मुलामा त्यात दोन-चार फेऱ्यांत सोलवटतो. ऑटोक्लेव्ह नसेल तर एकदाच वापरायच्या ग्रिप घ्या.

सगळं खापर मशीनवर फोडणं

हेही होतं. रेघेभोवती निळसर धुकं पसरलं तर शाई खोल गेलीय. तिची जागा पृष्ठभागाखाली साधारण १ ते २ मिलिमीटरवर, डर्मिसमध्ये (कातडीच्या आतल्या थरात) आहे, त्याखालच्या चरबीत गेली की ती पसरते. रेघ बरी होताना तुकड्यातुकड्यांनी निघून गेली तर सुई वरवर फिरली. रेघ डुगडुगली तर कातडी नीट ताणलेली नव्हती, किंवा हात मशीनच्या चालीपेक्षा वेगात गेला. यातलं काहीही महाग मशीननं सुटत नाही. ओळखायची सोपी रीत: तोच हात, तीच सुई, उसन्या चांगल्या मशीनवर दहा रेघा मारा. फरक पडला तर मशीन तपासा, नाही पडला तर सराव वाढवा.

नावाजलेल्या ब्रँडची नक्कल घेणं

अनोळखी नावाचं स्वस्त मशीन परवडलं, पण प्रसिद्ध मशीनचा साचा, लोगो, रंग चोरून बनवलेलं घेऊ नका. अनोळखी कंपनी निदान स्वतःच्या नावावर विकते आणि तिचे सुटे भाग मिळतात. नकलेला वॉरंटी नाही, भाग बसत नाहीत, आणि मूळ कंपनी दुरुस्तीला हातही लावत नाही. सीरियल नंबर मूळ कंपनीकडून पडताळून घ्या. किंमत मूळच्या पावपट असेल तर पडताळणीचीही गरज नाही.

वरच्या सगळ्या तपासण्यांतून मशीन पार पडलं, तरी निदान काही आठवडे ते प्रॅक्टिस स्किनवरच चालवा. रोज त्याच व्होल्टेजवर, त्याच सुईनं, एक हातभर लांब सरळ रेघ आणि एक वर्तुळ, तारीख टाकून जपून ठेवा. आज मारलेली रेघ पंधरा दिवसांपूर्वीच्या रेघेशेजारी ठेवली की मशीनची चाल बदलतेय का ते दिसतं. ती बदलत असेपर्यंत ते मशीन कोणाच्या अंगावर चालवू नका, मित्र कितीही हट्ट करो.