वेब पानावर गणित मांडताना या चुका टाळा

समीकरण नीट दिसलं नाही की पहिला आरोप मॅथजॅक्सवर, म्हणजे वेब पानावर सूत्रं मांडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, येतो. इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या कोचिंग क्लासेसची ऑनलाइन चाचण्यांची पानं माझ्याकडे दुरुस्तीला येतात, आणि बहुतेक वेळा मॅथजॅक्स निर्दोष निघतं. सूत्र त्याच्या हाती पडण्याआधीच कोणीतरी ते मोडलेलं असतं.

सर्वांत छळणारी चूक उघड्या < चिन्हाची. एका क्लासच्या चाचणीत प्रश्न होता: ए<बी आणि सी>डी असेल, तर कोणतं विधान बरोबर? मुलांच्या स्क्रीनवर उरलं नुसतं ‘एडी’, आजूबाजूला सूत्राची सुरुवात-शेवट दाखवणारी डॉलरची चिन्हं उघडी पडलेली. पान बनवणाऱ्या मुलाचा फोन आला, “भिया, मॅथजॅक्सच बिघडलंय!” तोवर त्यानं आवृत्ती बदलली होती, मॅथजॅक्स काढून तसंच दुसरं सॉफ्टवेअर, केटेक्स, लावलं होतं, ब्राउझरनं साठवलेली जुनी प्रत (कॅशे) पुसली होती. पानावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ (पानाचा कोड दाखवणारा पर्याय) मात्र एकदाही उघडलं नव्हतं. उघडलं असतं तर लगेच दिसलं असतं: < ला लागून इंग्रजी अक्षर आलं की ब्राउझर तिथे टॅग, म्हणजे पानाच्या रचनेची खूण, सुरू झाला असं धरतो, आणि पुढचं > सापडेपर्यंतचा सगळा मजकूर त्या टॅगच्या पोटात जातो. मॅथजॅक्सला उरलेले तुकडे मिळतात, केटेक्सलाही तेच मिळाले. परीक्षेला बसलेल्या मुलांचा वेळ मात्र गेला तो गेलाच, आणि याचा मला खरंच राग येतो.

मी गणितात < कधीच टाइप करत नाही, बॅकस्लॅश देऊन ‘एलटी’ लिहितो. चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडली तरी चालतं, पण घाईत टाइप करणारा जागा सोडेलच याचा मला भरवसा नाही.

दुसरी चूक खास आपल्या लोकांची. सूत्रात थेट ‘क्षेत्रफळ’ लिहिलं की प्रत्येक चिन्ह वेगळं चल समजलं जातं. मग मात्रा एकीकडे, अक्षर दुसरीकडे, जोडाक्षर फुटलेलं. मराठी शब्द ‘टेक्स्ट’ या आज्ञेच्या महिरपी कंसातच ठेवा. मॅथजॅक्समध्ये ‘एमटेक्स्टइनहेरिटफॉन्ट’ हे सेटिंगही सुरू करा, म्हणजे तो शब्द पानाच्याच फॉन्टमध्ये येतो.

जुना कोड उचलून चिकटवणाऱ्यांना काय सांगावं! मॅथजॅक्सच्या फाइली पुरवणारं स्वतःचं सर्व्हर-जाळं (सीडीएन) 30 एप्रिल 2017 ला बंद झालं, तरी तो पत्ता अजून नव्या पानांत सापडतो. 2019 मध्ये आलेली तिसरी आवृत्ती मुळापासून नव्यानं लिहिलेली आहे. ‘मॅथजॅक्स हब’वाल्या जुन्या आज्ञा तिला कळत नाहीत. सेटिंगचा तुकडा मॅथजॅक्सच्या स्क्रिप्टच्या आधी यायला हवा. नंतर टाकला तर तो वाचलाच जात नाही, आणि नवशिके तिथेच रात्र घालवतात.

सूत्राच्या सीमा दाखवणारा एकेरी डॉलर मॅथजॅक्समध्ये मुळात बंदच असतो, कारण तो पैशांच्या रकमेतही येतो. हवा असेल तर सेटिंगमध्ये सुरू करा, नाहीतर बॅकस्लॅश आणि गोल कंस वापरा. मी तेच वापरतो.

मार्कडाउन (साध्या खुणांनी वेब मजकूर लिहायची पद्धत) ओळ तोडणाऱ्या दुहेरी बॅकस्लॅशचा एकेरी करतं, त्यामुळे मॅट्रिक्सच्या ओळी एकात एक मिसळतात. गणित ओळखणारं प्लगइन लावा.

बटण दाबल्यावर उत्तर उघडत असेल, तर नवा मजकूर आल्यावर ‘टाइपसेटप्रॉमिस’ ही मॅथजॅक्सची सूत्रं मांडणारी आज्ञा पुन्हा चालवा.

केटेक्समध्ये प्रत्येक सूत्र दोनदा दिसतंय? त्याची सीएसएस (दिसण्याचे नियम सांगणारी) फाइल जोडायची राहिली आहे.

आणि कंटाळा आला म्हणून समीकरणाचा स्क्रीनशॉट चिकटवू नका. मोबाइलवर मोठा केला की तो फाटतो, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला त्यातलं काहीच वाचता येत नाही. जानेवारी 2023 च्या 109 व्या आवृत्तीपासून क्रोमही मॅथएमएल (गणित लिहायची वेबची भाषा) थेट दाखवतं, फायरफॉक्स तर त्याच्या कितीतरी आधीपासून. साध्या अपूर्णांकासाठी तर वेगळ्या सॉफ्टवेअरचीसुद्धा गरज नाही.