खंड्याचा रंग सरकला, आणि मी खाच तासत बसले

काचो-गा, म्हणजे लाकडी ठोकळ्यांनी छापलेली पक्षी-फुलांची जपानी चित्रं, शिकायला क्योतोला येताय? जरूर या. फक्त चित्र, कोरणं, छापणं सगळं एकहाती जमेल हा हिशेब विमानतळावरच सोडा. ओहारा कोसोन (१८७७–१९४५) या जपानी चित्रकाराने जन्मभर बगळे, कावळे, कमळं काढली, पण ठोकळे कोरणारे वेगळे होते, छापणारे वेगळे आणि पैसा घालणारा प्रकाशक आणखी वेगळा. आपण तिघांची कामं अंगावर घेतो आणि पहिल्या वर्षी तिन्ही बिघडवतो. बिघडू द्या, त्याने कोणी मरत नाही.

कोरण्याबद्दल फार लिहीत नाही. चेरीचं लाकूड महाग आणि कडक. पहिलं वर्ष शिना नावाच्या मऊ लाकडाच्या प्लायवर काढा, लाज कसली? लेझरने ठोकळा कापून आणणारेही भेटतील. माझ्या मते पिसाची रेघ कोरताना सुरी अडते तिथेच पीस कळतं. त्यांना वेळ वाचवायचाय तर वाचवू देत.

मी अडकले ती केंतोत, म्हणजे प्रत्येक रंगाला कागद त्याच जागी बसावा म्हणून ठोकळ्यावर कोरलेल्या खाचांत. म्हणजे केंतोत नाहीच, आणि हेच मला कळायला सात कागद गेले.

कोपऱ्यातली काटकोनी कागी आणि त्याच कडेला पुढची सरळ हिकित्सुके, या दोन खाचांत कागद टेकवून छापायचं, हे तुम्हाला माहीत असेलच. माझं चित्र होतं कमळाच्या सुकल्या देठावर बसलेला खंड्या. सात रंग. जानेवारी महिना, खोलीत हीटर. चार रंग झकास बसले. पाचवा, छातीचा नारिंगी, रेषेबाहेर गेला, दीडेक मिलिमीटर. मी खाच तासली. पुढचा कागद जुळला, त्याच्या पुढचा नाही. पुन्हा तासली. दुपारपर्यंत खाच इतकी सैल झाली की कागद तिच्यात डुलायला लागला.

सेन्सेई, म्हणजे माझे गुरू, आले. ठोकळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गठ्ठ्यातला वरचा कागद उचलून गालाला लावला आणि म्हणाले, "वाळलाय."

वाशी, म्हणजे हा जपानी कागद, ओला झाला की पसरतो, वाळला की आक्रसतो. काळी रेघ मी छापली ती पसरलेल्या कागदावर; पाचव्या रंगापर्यंत हीटरने तो आक्रसला होता. तोही सारखा नाही. कडा आधी वाळतात, आणि एका दिशेला कागद जास्त आखडतो. अशा कागदाला कुठलीही खाच पुरी पडत नाही. म्हणून रंग सरकला की सुरीला हात लावायचा नाही. आधी कागद बघायचा. सगळे कागद सारखेच ओले असून एकाच बाजूला, तेवढेच सरकत असतील, तरच दोष खाचेचा. हे मी दोनदा सांगतेय, कारण मला एकदाही कोणी सांगितलं नव्हतं: आधी कागद.

आदल्या रात्री कोरे कागद ओलसर वर्तमानपत्रांत घालून प्लास्टिकमध्ये गुंडाळा, वर वजन ठेवा. सकाळी गालाला गार लागला पाहिजे, ओला नाही. छापताना गठ्ठा दमट फडक्याखाली. एक काढा, छापा, लगेच आत सरकवा. काम अर्धवट राहिलं तर गठ्ठा फ्रीजरमध्ये टाका, नाहीतर जूनच्या पावसाळी हवेत बुरशी हमखास.

सेन्सेईंना हे आठवडाभर आधी सांगता आलं असतं. 'पाहून शिक' ही पद्धत थोर असेल, पण कागदाचे पैसे शिकणाराच भरतो. याचा राग माझा अजून गेलेला नाही. तोंड उघडणारा गुरू मिळाला तर त्याचं नाव लहान असलं तरी त्याच्याकडेच जा.

बाकीच्याला घाबरू नका. रंगात मिसळायची नोरी म्हणजे आपली तांदळाची खळच. आकाशकंदील चिकटवलेत ना? दोसा म्हणजे सरस आणि तुरटीचं पाणी, रंग फुटू नये म्हणून कागदाला दिलेलं. बोकाशीची, म्हणजे गडदाकडून फिकट होत जाणारी, छटा मात्र प्रत्येक कागदासाठी ब्रशने ठोकळ्यावर नव्याने काढावी लागते. पन्नासेक वेळा ती चिखल होते, मग एके दिवशी पहाटेचं आभाळ उतरतं.

त्या बारा खंड्यांपैकी दोन जुळले. उरलेले दहा टाकले नाहीत. नवा रंग तपासायला त्यांची पाठ अजून कामाला येते.