शिष्यवृत्ती अडकली होती, पोरगी नाही

बीएस्सी दुसऱ्या वर्षाची माझी एक विद्यार्थिनी दिवाळीनंतर वर्गात दिसेना. फोन केला तर म्हणाली, "शिष्यवृत्तीचे पैसेच नाही आले जी सर. आता कळमन्याच्या मार्केटात कामाला जाते." हुशार पोरगी, पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले. जीव तुटला.

तिला कॉलेजात बोलावलं. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज मंजूर होता, पैसे मात्र खात्यात पडत नव्हते. आधारच्या साइटवर बँक सीडिंग, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते, पाहिलं आणि घोळ सापडला: आधार जोडलेलं होतं दहावीत गावच्या बँकेत उघडलेल्या खात्याला, जे केव्हाच बंद पडलेलं. पैसे पासबुक पाहून येत नाहीत. आधारला शेवटचं जे खातं डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडलं, तिथेच जातात. बँकेत "आधार लिंक आहे" म्हणतात, तेवढ्यावर थांबू नका.

सीताबर्डीच्या शाखेत तिच्यासोबत गेलो, सीडिंगचा फॉर्म भरला, पोच घेतली. काही दिवसांनी स्टेटसमध्ये नवीन बँकेचं नाव दिसलं. मधल्या काळात प्राचार्यांना भेटून फीची मुदत मागितली, परीक्षेचा फॉर्म भरून घेतला. हे आधी करा, फॉर्म चुकला की सत्र जातं.

आता पहिल्या बाकावर बसते. मी दर जुलैत अख्ख्या वर्गाचं सीडिंग तपासतो.