हॅस्केलच्या बायनरीतच फाइल बसवायची तर

सर्व्हरवर एक्झिक्युटेबल पोचतं आणि शेजारी असायला हवी ती एसक्यूएल फाइल मागेच राहते. ही भानगड नको असेल तर कंपाइल होतानाच फाइल प्रोग्रॅमच्या पोटात घालावी. हॅस्केलमध्ये यासाठी ‘फाइल-एम्बेड’ हे पॅकेज आहे.

कबाल हे हॅस्केलची पॅकेजेस बांधणारं साधन; त्याच्या फाइलमधल्या ‘बिल्ड-डिपेंड्स’ या यादीत फाइल-एम्बेड आणि बाइटस्ट्रिंग (कच्चे बाइट्स हाताळणारं पॅकेज) घाला, मॉड्यूलच्या वर ‘टेम्प्लेटहॅस्केल’ हे कंपाइल होतानाच कोड चालवू देणारं एक्स्टेन्शन चालू करा. मग एका नावाला बाइटस्ट्रिंग टाइप देऊन बरोबरच्या चिन्हापुढे डॉलर, कंस, कंसात ‘एम्बेडफाइल’ आणि अवतरणात पाथ. डॉलर आणि कंस यांच्यात जागा सोडू नका; सोडलीत तर तो साधा डॉलर ऑपरेटर ठरतो. हे सगळं एका छोट्या वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवा, म्हणजे लोगो बदलला म्हणून सगळं लॉजिक पुन्हा कंपाइल होणार नाही. पाथ जोडणारं स्वतःचं फंक्शन मात्र याच मॉड्यूलमध्ये लिहून कंसात वापरता येत नाही, ‘स्टेज रिस्ट्रिक्शन’ची एरर येते. ते दुसऱ्या मॉड्यूलमधून इम्पोर्ट करा.

एका रेपोत अनेक पॅकेजेस असली की पाथ रुसतो. कबाल बिल्डला फाइल सापडते, पण एडिटरमधला लँग्वेज सर्व्हर (टाइप करतानाच चुका दाखवणारा प्रोग्रॅम) रेपोच्या मुळापासून शोधतो आणि फाइल नाही म्हणतो. पाथ आधी ‘मेकरिलेटिव्हटूप्रोजेक्ट’मधून काढून मग एम्बेडफाइलला दिला की तो कबाल फाइलच्या जागेवरून मोजला जातो.

सर्वात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे शिळी फाइल: एसक्यूएल बदललं, बिल्ड केलं, प्रोग्रॅम अजून जुनंच बोलतोय. एम्बेडफाइल आपली फाइल जीएचसीकडे, म्हणजे हॅस्केलच्या कंपायलरकडे, अवलंबित म्हणून नोंदवते, पण कबालला पॅकेजमध्ये काही बदललंय असं वाटलंच नाही तर तो जीएचसीला हाकच मारत नाही. म्हणून ती फाइल ‘एक्स्ट्रा-सोर्स-फाइल्स’मध्ये लिहाच. नाही लिहिली तर सोर्स टारबॉलमध्येही (पॅकेज वाटायच्या गठ्ठ्यातही) ती जाणार नाही आणि दुसऱ्याकडे बिल्ड फुटेल. अख्खी डिरेक्टरी घेणाऱ्या ‘एम्बेडडिर’चं दुखणं वेगळं: असलेल्या फाइल्स ती नोंदवते, नव्याने टाकलेली तिला कळत नाही. त्यावर मॉड्यूलला नुसतं ‘टच’ करून भागत नाही, कारण नवे जीएचसी फाइलच्या तारखेऐवजी मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) बघतात. एखादी कॉमेंट बदला.

मजकूरसुद्धा बाइट्स म्हणूनच आत घ्या आणि वापरताना ‘डिकोडयूटीएफ८’ या फंक्शनने त्यांचा मजकूर करा. ‘एम्बेडस्ट्रिंगफाइल’ सोयीची दिसते, पण ती बिल्ड मशीनच्या लोकॅलप्रमाणे (भाषा आणि अक्षरांच्या एन्कोडिंगच्या सेटिंगप्रमाणे) वाचते. डॉकरमध्ये लोकॅल नुसतं ‘सी’ असेल तर पहिल्याच देवनागरी अक्षराला बिल्ड अडतं. त्याहून वाईट म्हणजे ‘ओव्हरलोडेडस्ट्रिंग्ज’ (अवतरणातला मजकूर इतर टाइपांचाही मानू देणारं एक्स्टेन्शन) चालू ठेवून कोडमध्येच बाइटस्ट्रिंग म्हणून ‘नमन’ लिहिणं. प्रत्येक अक्षराचा फक्त शेवटचा बाइट उरतो. न म्हणजे यूनिकोड ०९२८, त्यातले हेक्स २८ उरले, तो आस्कीतला उघडता कंस. म म्हणजे ०९२ई, तो पूर्णविराम. छापून येतं ‘(.(’, तेही एररशिवाय. यूटीएफ-८मध्ये याच शब्दाचे नऊ बाइट व्हायला हवेत.

चार ओळींच्या मजकुरासाठी वेगळी फाइल कशाला? ‘रॉ-स्ट्रिंग्ज-क्यूक्यू’ हे पॅकेज घेतलं तर बॅकस्लॅश आणि अवतरणं जशीच्या तशी राहतात. फक्त उभी रेघ आणि बंद होणारा चौकोनी कंस लागून आले की मजकूर तिथेच संपतो. जीएचसी ९.१२ पासून तीन अवतरणांची बहुओळी स्ट्रिंगही आहे, पण तिच्यात बॅकस्लॅशचे अर्थ लागतात, त्यामुळे रेजेक्ससाठी (मजकुरातले नमुने शोधणाऱ्या सूत्रांसाठी) ती कामाची नाही.

मोठ्या फाइल्सना जीएचसी ८.१० किंवा पुढचाच वापरा. आधी टेम्प्लेट हॅस्केल प्रत्येक बाइटची यादी करत असे आणि काही मेगाबाइटला मेमरी गिळत असे. आता ‘बाइट्सप्रिमएल’ या कच्च्या बाइट्सच्या प्रकारामुळे तुकडा अखंड जातो, आणि ‘बायनरी-ब्लॉब-थ्रेशोल्ड’च्या मर्यादेपुढे, म्हणजे मुळात ५०० केच्या वर, तो असेंब्लरला थेट फाइल म्हणून दिला जातो. स्वतःच मॅजिकहॅश (शेवटी # असलेली नावं वापरू देणारं एक्स्टेन्शन) वापरून पत्त्यावरून बाइटस्ट्रिंग बांधत असाल तर लांबी घेणारं ‘अनसेफपॅकअ‍ॅड्रेसलेन’ वापरा. बिनलांबीचं भावंड पहिल्या शून्य बाइटला थांबतं, आणि पीएनजीत तो नवव्याच जागी आहे.

विंडोजवर गिट ओळींच्या शेवटी कॅरेज रिटर्न घालू शकतो, तेव्हा गिटअ‍ॅट्रिब्यूट्समध्ये या फाइल्स बायनरी ठरवा. शेवटी टेस्टमध्ये आतल्या बाइट्सचा शा-२५६ हॅश मूळ फाइलच्या शा-२५६शी ताडून बघा. पासवर्ड किंवा की मात्र अशी आत घालू नका. ‘स्ट्रिंग्ज’ कमांड चालवली की ती जशीच्या तशी वाचता येते.